मोजलेलं शून्य आणि न मोजलेला दिवस

वह्या मिटा आणि इकडे बघा. ‘मॅडम, प्रोग्रॅम रन होतोय’ हे वाक्य आज कुणी उच्चारायचं नाही. रन होतोय ते मलाही दिसतंय. पडद्यावर आकडे येतायत, खाली सरासरी छापली जातेय, लाल अक्षरं कुठेच नाहीत. आणि त्यातला एकही आकडा भरवशाचा नाही. एरर आला नाही म्हणजे उत्तर बरोबर आलं, ही समजूत कुठून उचलून आणलीत? या वर्गात ती कुणी दिलेली नाही.

काम काय होतं ते आधी आठवा. वसमत तालुक्यातल्या महसूल मंडळांच्या पावसाची नोंदवही पायथनमध्ये घ्यायची. हट्टा, गिरगाव, कुरुंदा, हयातनगर, सगळी तुमच्या येण्याजाण्यातली गावं. सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, तो आकडा घ्यायचा आणि त्यावरून सरासरी, अतिवृष्टीचे दिवस आणि पावसाचा खंड काढायचा. हा विषय मी मुद्दाम दिला. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खात्याच्या लेखी ती अतिवृष्टी, आणि पंचनाम्याची मागणी तिथून सुरू होते. उलट तीन आठवडे थेंब पडला नाही की सोयाबीन माना टाकतं आणि पीकविम्याचं, टंचाईचं बोलणं सुरू होतं. म्हणजे या वहीतला एकेक आकडा कुणाच्या तरी सातबाऱ्याशी बांधलेला आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी हळद आहे. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मोबाइलवर स्टेटस ठेवायला तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. ती हळद ज्या पाण्यावर पोसते त्या पाण्याचा हिशेब असा ठेवायचा?

आता चूक कुठे आहे ते ऐका. जवळजवळ सगळ्यांनी एकच ओळ लिहिली आहे, एकाचं बघून दुसऱ्यानं:

इफ पाऊस:

एवढंच. दोन शब्द आणि दोन ठिपके. मी विचारलं, ही ओळ काय विचारते? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘नोंद आहे का ते विचारते.’ साफ खोटं. ती तसं काही विचारत नाही. पायथन त्या जागी वस्तूचं खरेखोटेपण तपासतो आणि त्याचा नियम ठरलेला आहे. नन, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ ही पायथनची खूण, खोटं. फॉल्स खोटं. शून्य खोटं, मग ते पूर्णांकातलं असो की ०.० असं दशांशातलं. रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट, रिकामा टपल, रिकामी डिक्शनरी, रिकामा सेट, रेंज(०), हे सगळं खोटं. बाकी बहुतेक सगळं खरं. तुम्हाला ‘नोंद नाही’ एवढंच गाळायचं होतं. तुमच्या ओळीनं नोंद नसलेला दिवस गाळला आणि शून्य पावसाचा दिवसही त्याच चाळणीतून खाली सोडला.

तुमच्याच चाचणीतला आठवडा घ्या. शून्य, शून्य, १२, शून्य, ७०, शून्य, आणि सातव्या दिवशी नोंदच नाही. तुमच्या प्रोग्रॅमनं सरासरी काढली ४१. कशी? बारा आणि सत्तर मिळून ब्याऐंशी, भागिले दोन. चार दिवस माणूस पर्जन्यमापकापाशी गेला, भांडं कोरडं आहे हे पाहिलं, वहीत शून्य लिहिलं, आणि ते चारही दिवस तुम्ही पुसून टाकले. खरी सरासरी सहा मोजलेल्या दिवसांची. ब्याऐंशी भागिले सहा, म्हणजे सुमारे १३.७. तुमचा आकडा त्याच्या तिप्पट आहे, आणि ४१ हा आकडा बघून वर्गात एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही.

परीक्षेला बसून शून्य मिळवणारा पोरगा आणि परीक्षेला आलाच नाही तो पोरगा, या दोघांना मी गुणपत्रिकेत एकाच खुणेनं दाखवलं तर तुमचे आईबाप शाळेत येऊन मला जाब विचारतील आणि ते बरोबरच असेल. मग पावसाच्या वहीत हे तुम्हाला कसं चालतं?

दोघांनी उलटी चूक केली आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. त्यांनी फाइल वाचताना लिहिलंय, ‘फ्लोट(एक्स) इफ एक्स एल्स ०’. रिकाम्या रकान्यात फ्लोट बसत नाही, व्हॅल्यू एरर येतो, म्हणून त्यांनी रिकाम्या जागी शून्य भरून टाकलं. एरर गेला. पण ज्या दिवशी कुणी मोजलंच नाही, त्या दिवशी पाऊस पडला नाही अशी खोटी साक्ष तुम्ही लिहून ठेवलीत. त्याच आठवड्याची सरासरी आता ११.७ येते. एकच आठवडा आणि तीन आकडे. नंतर कितीही शोधलं तरी कोणतं शून्य मोजलेलं आणि कोणतं भरलेलं हे कुणाला सांगता येणार नाही. गाळलेला आकडा मूळ फाइलीतून परत आणता येतो. भरलेली फाइल मूळ म्हणून पुढे गेली की ती माहिती कायमची गेली.

आणि फाइल वाचताना काय येतं हे किती जणांनी छापून पाहिलं? हात वर करा. एकही नाही. सीएसव्ही फाइलीतून पायथनला जे मिळतं ते सगळं स्ट्रिंग असतं. रकान्यातलं शून्य तुम्हाला आकडा दिसतो, पायथनच्या हातात मात्र एक अक्षर असलेली स्ट्रिंग पडते, आणि एक अक्षर असलेली स्ट्रिंग रिकामी नसते, म्हणून खरी. ‘०.०’ ही स्ट्रिंगसुद्धा खरी. ‘फॉल्स’ असं अवतरणात लिहिलेलं असलं तरी खरं. नुसती एक स्पेस असली तरी खरी, म्हणून तर शेवटच्या बाकावरच्याचा प्रोग्रॅम रिकाम्या दिसणाऱ्या रकान्यापाशी अडखळला. तुमच्यातल्या काहींनी ‘इफ’ आधी लावला आणि फ्लोट नंतर केला, त्यांची शून्यं वाचली. काहींनी फ्लोट आधी केला, त्यांची गेली. दोन ओळींची अदलाबदल झाली आणि तालुक्याचा पाऊस बदलला. ज्यांची शून्यं वाचली त्यांनी फुशारकी मारू नये. का वाचली हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही.

एकानं तर ‘इफ पाऊस == ट्रू’ असं लिहिलंय. वाचायला फार स्वच्छ वाटतं, नाही का? पायथनमध्ये बूल हा इंटचाच उपप्रकार आहे. २.३ या आवृत्तीत बूल हा स्वतंत्र प्रकार आला, तेव्हा आधीचे प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ट्रूची किंमत एक आणि फॉल्सची शून्य ठेवली. म्हणजे तुझी अट कधी खरी ठरेल? पाऊस बरोबर एक मिलिमीटर पडला तरच. सत्तर मिलिमीटर पडला तरी ती खोटी. २०२२ च्या जुलैत कुरुंद्यात घराघरात पाणी शिरलं होतं, आठवतं ना? तुझ्या प्रोग्रॅमच्या हिशेबानं त्या दिवशी पाऊस नव्हता.

आता लिस्टकडे या, कारण आजचा धडा मुळात संग्रहांचा आहे आणि तिथे तुमची पडझड सगळ्यात मोठी आहे.

‘इफ दिवस:’ असं लिस्टवर लिहिलं तर पायथन फक्त एवढंच पाहतो की आत काही आहे की नाही. काय आहे ते पाहत नाही. वस्तूकडे बूल नावाची खास मेथड असेल तर तो तिला विचारतो, नसेल तर लेन किती ते विचारतो, तीही नसेल तर सरळ खरं मानतो. लिस्टकडे लेन आहे, म्हणून प्रश्न लांबीचा. आत एकच नन असलेली लिस्ट खरी. एकच शून्य असलेली खरी. आत दुसरी रिकामी लिस्ट असली तरी बाहेरची खरी. आणि जनरेटरला तर लांबीच नसते, तो कायम खरा, मग त्यातून पुढे एकही आकडा निघो न निघो. फिल्टर आणि मॅप यांचंही तेच. ‘इफ फिल्टर(...)’ लिहून ‘मॅडम, कायम हो येतंय’ म्हणणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवा.

हा नियम वाईट नाही, हे मी बजावून सांगते. नाहीतर उद्या तुम्ही सगळीकडे ‘लेन(दिवस) > ०’ लिहीत सुटाल आणि म्हणाल मॅडमनी सांगितलं. पायथनच्या लेखनशैलीचा जो दस्तऐवज २००१ पासून चालत आलाय, पेप ८, त्यातच सांगितलंय की लिस्ट, स्ट्रिंग, टपल रिकामी आहे का हे पाहायला ‘इफ नॉट यादी’ लिहा. ते तुम्ही कुठेतरी वाचलंत आणि सगळ्याला लावलंत. त्याच दस्तऐवजात दुसरी सूचना आहे, की तुम्हाला ‘नन नाही ना’ एवढंच विचारायचं असेल तर नुसतं ‘इफ एक्स’ लिहिताना जपा, कारण ननच्या जागी येणारी दुसरी वस्तूसुद्धा खोटी ठरू शकते. अर्धं पान वाचून उठायची ही सवय तुमच्या हाडात मुरली आहे.

खंडाचा प्रश्न बघा. एकवीस दिवस घ्यायचे. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. तेव्हा एकवीसही दिवस त्याच्या खाली असतील तर खंड. सोपं आहे. तरी दोन प्रोग्रॅममध्ये काय झालं ते फळ्यावर मांडते.

पहिल्यात आधी विचारलंय, ‘या मंडळाची नोंद आली आहे का?’ आणि त्यासाठी लिहिलंय ‘इफ एनी(दिवस)’. एनी प्रत्येक घटकाचं खरेखोटेपण बघतो, एक जरी खरा सापडला तर हो म्हणतो. एकवीस दिवस कोरडे गेलेल्या मंडळाची लिस्ट म्हणजे एकवीस शून्यं. सगळी खोटी. एनी म्हणतो, नाही. आणि तुमचा प्रोग्रॅम छापतो, ‘नोंद उपलब्ध नाही’. ज्या मंडळावर खरोखर संकट आलंय, तेच यादीतून बाहेर. जितका पाऊस कमी तितकी बाहेर पडायची शक्यता जास्त. याहून उफराटा प्रोग्रॅम लिहायचा ठरवला असता तरी जमला नसता.

दुसऱ्यात आधी ‘ऑल(दि < २.५ फॉर दि इन दिवस)’ असं लिहिलं होतं, ते ननपाशी आल्यावर टाइप एरर देऊन थांबलं. पायथन ३ नन आणि आकडा यांची तुलना करायला नकार देतो, आणि तो नकार तुमच्या भल्याचा असतो. तिथे थांबून विचार करायचा होता. त्याऐवजी शेवटी ‘इफ दि’ चिकटवलं आणि एरर घालवला. आता काय होतं? सगळी शून्यं गाळली जातात, सगळे नन गाळले जातात. एकवीस कोरड्या दिवसांच्या मंडळात मागे काहीच उरत नाही, आणि रिकाम्यावर ऑल ‘हो’ म्हणतो. छापून येतं, ‘खंड’. बरोबर आलं म्हणून तुम्ही टाळ्या दिल्यात. मग ज्या मंडळाची फाइलच आली नाही ते घाला. एकवीस नन. तेही गाळले जातात, मागे काहीच उरत नाही, ऑल पुन्हा ‘हो’ म्हणतो आणि न मोजलेल्या मंडळातही खंड जाहीर. बरोबर उत्तरसुद्धा चुकीच्या वाटेनं आलं होतं.

‘मॅडम, रिकाम्यावर ऑल हो म्हणतो हा पायथनचाच दोष आहे.’ कोण म्हणालं ते? उभा राहा. दोष नाही. ‘या यादीतला प्रत्येक दिवस कोरडा आहे’ हे विधान खोटं पाडायचं तर एक ओला दिवस दाखवावा लागतो. यादीत दिवसच नाही, तर दाखवणार काय? म्हणून विधान टिकतं. गणितात ही गोष्ट पायथनच्या कितीतरी आधीपासून मान्य आहे. एनीचंही तसंच, एक तरी दाखवा म्हटलं आणि दाखवायला काही नाही, म्हणून नाही. भाषा आपल्या जागी ठीक आहे. एकवीस दिवस हातात आहेत का, हे विचारायचं काम तुझं होतं. आधी लांबी एकवीस आहे का, मग त्यात एकही नन नाही ना, आणि मग सगळे २.५ च्या खाली आहेत का. तीन वेगळे प्रश्न आहेत, ते तीन वेगळ्या ओळींत लिहिले तर कुणी तुमचे गुण कापणार नाही. बस खाली.

याच रिकामेपणाचा दुसरा मासला. आपल्या जिल्ह्याची वर्षवार बेरीज काढताना १९९८ समोर हिंगोली जिल्ह्यात शून्य मिलिमीटर पाऊस छापलाय. शून्य! अख्ख्या पावसाळ्यात! हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदी परभणीच्या नावाखाली आहेत. तुम्ही हिंगोली या नावानं शोधलंत, रिकामी लिस्ट मिळाली, तिच्यावर सम लावलं आणि रिकाम्या लिस्टचं सम शून्य येतं. मॅक्स लावलं असतं तर एरर देऊन त्यानं तुम्हाला थांबवलं असतं. सम थांबवत नाही. आणि वसमतचं नाव कुठे वसमत, कुठे बसमत, कुठे वसमतनगर असं लिहिलेलं असतं हे या गावात राहून तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर बसमत आहे. डिक्शनरीत की ‘बसमत’ आणि तुम्ही ‘गेट’ला विचारता ‘वसमत’, तर तो मुकाट नन देतो. की नसली तरी नन, की असून आत नन असला तरी नन. हे दोन वेगळे करायचे असतील तर ‘इन’नं विचारा.

‘ऑर’चा लाड बंद करा, हेही एकदाच सांगते. ‘मर्यादा = मर्यादा ऑर ६५’ लिहिलं की कुणी मुद्दाम शून्य मर्यादा दिली तरी तिथे पासष्टच बसणार. आणि फंक्शनमध्ये ‘यादी = यादी ऑर []’ लिहिणाऱ्या तिघांची तक्रार होती की अपेंड चालत नाही. अपेंड चालतं. बाहेरून आलेली यादी रिकामी होती म्हणून ती खोटी ठरली, ऑरनं तिला बाजूला सारून नवी यादी आणली, आणि तुमची नोंद त्या नव्या यादीत गेली, जी फंक्शन संपताच नाहीशी झाली. बाहेरची यादी जन्मभर रिकामीच राहणार. ‘इफ यादी इज नन’ एवढं लिहायला किती वेळ लागतो?

पांडास ही लायब्ररी वापरणाऱ्यांना वाटत असेल की आपण सुटलो. तुमचं वागणं तर मला सगळ्यात जास्त लागलं. पांडासनं तुम्हाला स्वच्छ शब्दांत अडवलं होतं. पूर्ण मालिकेला खरं की खोटं म्हणणं संदिग्ध आहे, एम्प्टी म्हणायचंय, एनी म्हणायचंय की ऑल म्हणायचंय ते सांगा, असं व्हॅल्यू एररमध्येच लिहिलेलं असतं. नमपायही एकाहून जास्त घटकांच्या अॅरेवर असाच अडतो. ज्यांनी ही साधनं बांधली त्यांना कळलं की इथे वापरणाऱ्याच्या मनातलं ओळखता येत नाही, म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही काय केलंत? एनी लावून पाहिलं, मग ऑल लावून पाहिलं, ज्यानं लाल अक्षरं गेली ते ठेवलं.

आणि हे फक्त शिकाऊंचं होतं असं समजून निवांत बसू नका. पायथनमध्ये तारीखवेळेच्या मॉड्यूलमधली मध्यरात्रीची वेळ, बारा वाजून शून्य मिनिटं, कितीतरी वर्षं खोटी ठरत होती. ‘वेळ दिली आहे का’ म्हणून ‘इफ वेळ:’ लिहिणाऱ्याचा प्रोग्रॅम दिवसभर नीट चालायचा आणि बरोबर मध्यरात्रीच वेळ दिलेली नाही असं समजायचा. २०१२ मध्ये त्यावर तक्रार झाली, वाद झाला, आणि २०१५ मध्ये आलेल्या ३.५ आवृत्तीत ते बदललं. एक्सएमएल वाचायच्या साधनात पोटात दुसरा घटक नसलेला घटक खोटा ठरतो, त्यावर ३.१२ पासून पायथन स्वतःच इशारा देतो. भाषा बांधणारी माणसं आपला निर्णय पुन्हा तपासतात, आणि तुम्हाला आपली एक ओळ पुन्हा वाचायचा कंटाळा येतो.

मला राग कशाचा आहे ते नीट समजून घ्या. नियम माहीत नव्हता याचा नाही, तो आज सांगितला. राग याचा आहे की ४१ सरासरी, १९९८ चा शून्य पाऊस, न मोजलेल्या मंडळातला खंड, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर छापलं गेलं आणि तुम्ही ते छापून, पिन मारून माझ्या टेबलावर आणून ठेवलंत. पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत आभाळाकडे बघत बसलेला बाप तुम्ही घरात बघितलाय. संगणकासमोर बसल्यावर ते सगळं विसरून कसं जाता?

सोमवारी सगळ्यांनी काम पुन्हा आणायचं. ‘इफ’च्या प्रत्येक ओळीवर, ती काय विचारते ते मराठीत एका वाक्यात लिहायचं, ज्या ओळीवर असं वाक्य लिहिता येत नाही ती ओळ खोडायची. खंडाचं फंक्शन चार याद्यांवर चालवून दाखवायचं: पूर्ण रिकामी, एकवीस नन, एकवीस शून्यं, आणि वीस शून्यांत एक नन. रिकामी आणि नन असलेल्या दोन, या तिन्हींना उत्तर ‘सांगता येत नाही’ असं आलं पाहिजे, खंड फक्त एकवीस शून्यांना. मी कुणालाही फळ्यापाशी बोलवीन. उत्तर आधी तोंडी सांगायचं, मगच एंटर दाबायचं.